कपाटातलं हवामान

शंभर वॉटचा एलईडी दिवा आणि शंभर वॉटचा हीटर यांच्यात फरक किती? दोन्ही बंद कपाटात ठेवले, तर जवळजवळ काहीच नाही. हे चटकन पटत नाही. एलईडी म्हणजे गार दिवा, म्हणून तर आपण ते घरभर लावले. पण हिशेब मांडून पाहू. आत शिरलेल्या विजेपैकी निम्मी, म्हणजे ढोबळमानाने, दिव्यातच उष्णता होऊन जाते; त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचे पापुद्रे बसवलेले असतात ते त्यासाठीच. उरलेल्या विजेचा प्रकाश होतो. तो पानांवर, कुंड्यांवर, कपाटाच्या पांढऱ्या भिंतींवर पडतो, शोषला जातो, आणि जिथे शोषला जातो तिथे त्याचीही उष्णताच होते. झाड त्यातून साखर करून ठेवतं ते शेकड्यात फार तर दोन-चार भाग. बाकी सगळं आज ना उद्या नव्हे, त्याच क्षणी कपाटाच्या वाट्याला येतं.

कपाट म्हणजे साधारण असं: दोन फूट रुंद, दोन फूट खोल, पाच फूट उंच प्लायवूडचा खोका, छताला ग्रो लाइट, खाली लेट्यूस, बेसिल, मिरचीची रोपं. बाल्कनी नसलेल्या फ्लॅटमध्ये हौस भागवायची ही सोय. एवढ्या खोक्यात हवा किती असेल? वजन केलं तर साडेसहाशे ग्रॅम. शंभर वॉट जर या हवेलाच तापवत बसले, तर दर सहा-सात सेकंदांना पारा एक अंश वर चढेल! प्रत्यक्षात भिंती, माती आणि पाणी बरीच उष्णता पोटात घेतात आणि प्लायवूडमधून थोडी बाहेरही झिरपते, त्यामुळे तापमान खोलीपेक्षा सात-आठ अंश चढून थांबतं. डिसेंबरात हे चालून जाईल. एप्रिलात लेट्यूस दोन दिवसांत मान टाकेल.

मग पंखा आला. किती मोठा, याचं गणित शाळकरी आहे. वॉटना तीनने गुणा आणि खोलीपेक्षा किती अंश जास्त चालेल त्या आकड्याने भागा. उत्तर येतं ते तासाला किती घनमीटर हवा हलवायची याचं. शंभर वॉट आणि तीन अंशांची सूट धरली, तर तासाला शंभर घनमीटर. संगणकाच्या डब्यातला बारा सेंटिमीटरचा साधा पंखा, वाट मोकळी असेल तर, एवढं काम कुरकुर न करता करतो. या वेगाने कपाटातली सगळी हवा दर वीस सेकंदांनी नवी होते. आपण राहतो त्या खोलीतली हवा एवढ्या वेगाने बदलायची म्हटलं तर टेबलावर कागद ठरणार नाहीत.

या गणितात एक गोष्ट गृहीत असते आणि नवशिक्याच्या ती हटकून नजरेतून सुटते. पंखा कपाटाला खोलीच्या तापमानापर्यंत आणतो, त्याखाली नेऊ शकत नाही. खोली ३८ अंशांवर असेल तर तासाला हजार घनमीटर ओढा, आत ३८च्या खाली काटा यायचा नाही. म्हणून जाणकार उन्हाळ्यात दिव्याचा दिवस रात्री करतात: संध्याकाळी सातला दिवा लावायचा, सकाळी अकराला मालवायचा. झाडाला सूर्य कुठे आहे याची फिकीर नसते, त्याला प्रकाश आणि अंधार यांचा पाळीने येणारा काळ पुरतो. दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो जड चौकोनी ठोकळा, कपाटाबाहेर काढून ठेवला की आणखी आठ-दहा वॉटची कटकट आयतीच टळते.

हवा आत खरंच कुठून कुठे जाते हे पाहायला उदबत्तीसारखं साधन नाही. पंखा बंद असताना एक उदबत्ती खालच्या भोकाशी धरा. धूर आळसावून आत शिरतो, कुंडीच्या कडेने वर चढतो आणि दिव्याच्या वीतभर खाली येऊन आडवा पसरतो. तिथे गरम हवेचा थर बसलेला असतो, त्याच्या खालच्या अंगाला धुराची सपाट चादर होते. आता पंखा लावा. वरच्या मागच्या कोपऱ्यात पंखा आणि खालच्या पुढच्या कोपऱ्यात भोक असेल, तर धूर तिरपा, कपाटाचा सबंध कर्ण कापत जातो. दोन्ही एकाच बाजूला असतील तर तो भिंतीला चिकटून सरळ वर निघून जातो, आणि समोरच्या अर्ध्या भागातली पानं हलतही नाहीत. तापमापक दोन्ही वेळा जवळपास तेच सांगेल, उदबत्ती मात्र चुगली करते. शिवाय आत येण्याची वाट बाहेर जाण्याच्या वाटेपेक्षा दुप्पट मोठी हवी, नाहीतर पंखा नुसता घुमत राहतो.

इथवर हा सगळा मामला यंत्राचा होता. नवल पुढे आहे. दिव्याखाली चांगली वाढलेली रोपं आहेत. इन्फ्रारेड तापमापक पानावर रोखला, तर पान भोवतीच्या हवेपेक्षा एक-दोन अंश गार निघतं. दिव्याच्या सर्वांत जवळ तेच, सगळा प्रकाश झेलणारं तेच, आणि गारही तेच!

हे काम पाण्याचं. इंग्लंडात टेडिंग्टनचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी अठराव्या शतकात एका सूर्यफुलाची कुंडी शिशाच्या पातळ पत्र्याने झाकली, म्हणजे मातीतून वाफ जाऊ नये, आणि सकाळ-संध्याकाळ ती तराजूत तोलली. साडेतीन फुटांचं ते झाड दिवसाकाठी सरासरी वीस औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत सोडत होतं. १७२७ साली छापलेल्या पुस्तकात हेल्सनी हिशेब दिला: आकारमानाच्या तुलनेत हे माणसाच्या घामाच्या सतरापट. पानाच्या पाठीवर दर चौरस मिलिमीटरला शंभर-दोनशे, कधी त्याहून जास्त सूक्ष्म पर्णरंध्रं असतात, आणि ती उघडी असताना आतलं पाणी वाफ होऊन निसटतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या भाषेत पाऊण युनिटच्या किंचित खाली ऊर्जा लागते. आपल्या कपाटातला दिवा सोळा तासांत १.६ युनिट ओततो. पानांनी भरलेलं कपाट दिवसाला लिटरभर पाणी सहज सोडतं. म्हणजे दिव्याची दोन-पंचमांश उष्णता झाडंच गिळतात, कसलाही आवाज न करता. कोवळी रोपं असताना कपाट जास्त तापतं आणि ती भरली की आपोआप निवतं, ते यामुळे.

पण वाफ झालेलं पाणी जातं कुठे? नागपूरला कूलर अंगावर काटा आणतो आणि तोच मुंबईला आणला तर घर नुसतं चिकट होतं, कारण मुंबईच्या हवेत आणखी पाण्याला जागाच नसते. बंद कपाटाची दर तासाला मुंबई होत जाते. हवा भरली की पानातून पाणी निघत नाही, पाणी निघालं नाही की पान तापतं. म्हणजे पंख्याचं खरं काम उष्णता उपसण्याचं कमी आणि झाडाने सोडलेलं पाणी उचलून नेण्याचं जास्त आहे. गार करण्याचं काम झाडाकडे, कचरा वाहण्याचं पंख्याकडे, अशी ही वाटणी. माझ्या मते पंखा घेताना दुकानदाराला विचारायचा प्रश्न यामुळेच बदलतो: दिवा किती वॉटचा हे तो सांगेलच, झाडं किती पाणी पितात हे आपण सांगायचं.

रात्रीचा घोटाळा याहून गमतीचा. समजा दिवा चालू असताना आत २८ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के आहे. फार सुरेख आकडे. या हवेच्या घनमीटरमध्ये साडेसतरा ग्रॅमच्या वर पाणी आहे. दिवा मालवला, हिवाळ्याची रात्र आहे, तापमान २० वर उतरलं. वीस अंशांच्या हवेत सतरा ग्रॅमच्या आसपासच पाणी मावतं. एक थेंबही न वाढवता कपाटात दव पडलं! सकाळी दार उघडलं तर पानं ओली, भिंती ओल्या. नाशिकचा द्राक्षबागायतदार धुकं आणि दव म्हटलं की डाऊनीच्या, म्हणजे केवडा रोगाच्या धास्तीने फवारणीचा पंप खांद्यावर घेतो. बेसिललाही त्याच्याच कुळातला, त्याच्यापुरता केवडा होतो, आणि पानं रात्रभर ओली राहिली की तो फोफावतो. एवढ्यासाठी दिवा मालवल्यावर पंखाही बंद करणारं एकच टायमर बसवणं ही खोटी काटकसर. पंख्याची सगळ्यात जास्त गरज अंधारातच असते.

पावसाळ्यात मग हा खेळ उलटतो. जुलैत पुण्यात खोली २५ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के. वाटतं, अशी दमट हवा आत ओढून काय उपयोग? पण ती आत येते, दिव्याच्या उबेने २९ अंशांवर जाते, आणि पाणी तेवढंच असूनही आर्द्रता घसरून ६७ टक्क्यांच्या आसपास येते. एप्रिलात जिला शिव्या दिल्या, ती उष्णता जुलैत पानं वाळती ठेवते. म्हणून पावसाळ्यात पंखा थोडा हळू फिरवलेला बरा, आत ऊब धरू द्यावी.

कपाटात पुष्कळदा दुसरा एक छोटा पंखा दिसतो, आतल्या आत वारा फिरवणारा. तो हवा बदलत नाही, तापमान उतरवत नाही. मग कशाला? प्रत्येक पानाला स्वतःच्या हवेचं एक अस्तर असतं, स्थिर हवेत काही मिलिमीटर जाडीचं. पान वाफ सोडतं ती आधी या अस्तरात साचते, आणि पानाला लागणारा कार्बन डायऑक्साइडही याच अस्तरातून हळूहळू झिरपत यावा लागतो. आता कार्बन डायऑक्साइड हवेत असतो किती? दहा लाखांत सव्वाचारशे भाग. आपल्या कपाटभर हवेत त्याचं वजन अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. कपाट हवाबंद केलं आणि आत अर्धा चौरस मीटर पानं जोमात असली, तर हा शिधा अर्ध्या तासाचा. त्यानंतर दिवा कितीही झगझगीत असो, झाड उपाशी. उजेडात, पाण्यात पाय सोडून उपाशी! छोट्या पंख्याची झुळूक हे अस्तर पातळ करते, पाणी बाहेर आणि कार्बन आत जायला वाट देते.

लेट्यूसवाल्यांना याची आणखी एक खूण ठाऊक असते. गड्ड्याच्या अगदी आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. रोग म्हणून औषध मारलं जातं, कॅल्शियम कमी म्हणून खत घातलं जातं. कॅल्शियम पाण्यात असतंच. पण ते पानापर्यंत पोचतं वाफ होणाऱ्या पाण्याच्या ओढीनेच, आणि मिटलेल्या गड्ड्याच्या पोटात वारा नसल्याने तिथून वाफ होत नाही. वरून थेट गड्ड्यावर झुळूक सोडली की दुखणं आटोक्यात येतं. वाऱ्याने खत पोचतं, हे वाचून मी तर दोनदा मागे जाऊन वाचलं होतं.

डोलण्याचाही फायदा असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क जॅफी यांनी १९७३ साली दाखवलं की रोज नुसतं बोटांनी चोळलेल्या, हलवलेल्या खोडांची रोपं बुटकी आणि जाड होतात. वाऱ्याविना वाढलेलं रोप उंच, देखणं आणि दुबळं.

आता एक शंका येईल, आणि यायलाच हवी. काचेच्या बंद बरणीत वर्षानुवर्षं हिरवी राहणारी झाडं आपण पाहतो. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली बरणीत एका पतंगाचा कोश ठेवला, पतंगाची वाट पाहता पाहता खालच्या ओल्या मातीतून एक नेचा आणि गवताचं पातं उगवून आलं. लंडनच्या धुराड्यांच्या काजळीत त्यांच्या बागेत नेचा जगत नव्हता, आणि इथे झाकण लावलेल्या बरणीत तो खुशाल होता. १८३३ मध्ये त्यांनी अशाच काचपेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून सिडनीला पाठवल्या. महिनोन्महिने कुणी पाणी घातलं नाही तरी झाडं पोचली. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉर्च्युन यांनी चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणली ती अशाच पेट्यांतून. तिथे पंखा नव्हता. मग इथेच का?

उत्तर प्रकाशात आहे. वॉर्डच्या पेटीतला नेचा सावलीत बसून जगण्यापुरतं खात होता. जेवढा कार्बन तो घेई तेवढा मातीतली कुजणारी पानं परत देत, पाणी काचेवर जमून खाली ओघळे, आणि पेटी थंड राही. आपण कपाटात झाडाला जगवत नाही, पिकवतो. पंधरा-वीसपट उजेड ओतला की उष्णता, पाणी, कार्बन तिन्हींची उलाढाल तेवढीच वाढते आणि बंद पेटीला ती झेपत नाही. पेटी तीच, व्यवहार मोठा.

फार लाडही बाधतात. जळगावच्या केळीवाल्यांना हे सांगायला नको. टिश्यू कल्चरची रोपं प्रयोगशाळेत बाटलीत, जवळपास शंभर टक्के आर्द्रतेत वाढतात. पाणी जपण्याची वेळच न आल्याने त्यांची पर्णरंध्रं नीट मिटायला शिकलेली नसतात, पानावरचा मेणाचा थरही कच्चा. तसंच उचलून शेतात लावलं तर रोप दुपारपर्यंत सुकून जाईल. म्हणून आधी धुक्याच्या फवाऱ्यात, मग शेडनेटखाली, असं टप्प्याटप्प्याने कोरड्या हवेची सवय करत हार्डनिंग होतं. रोपवाटिकेत आपण पैसे देतो त्यातले बरेचसे या सवयीचे असतात.

हे सगळं सर्वांत उघडं पडलं ते अवकाशात. पृथ्वीवरच्या कपाटात पंखा बिघडला तरी गरम हवा हलकी होऊन वर जाते, थोडी तरी हालचाल राहते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात हलकं-जड असतच नाही. गरम हवा वर जात नाही, कारण वर म्हणजे कुठे? पानाभोवती त्याचीच वाफ, त्याचाच ऑक्सिजन साचून बसतो. नासाने २०१४ मध्ये तिथे व्हेजी नावाची पेटी बसवली. २०१५च्या ऑगस्टमध्ये तिच्यातलं लाल लेट्यूस अंतराळवीरांनी खाल्लं. मग नोव्हेंबरात झिनियाची फुलझाडं लावली. डिसेंबरात पानांच्या कडांतून पाण्याचे थेंब पाझरू लागले, पानं वाकडी झाली, आणि नाताळच्या सुमारास अंतराळवीर स्कॉट केली यांना पानांवर बुरशी दिसली. पंखा हळू होता. तो जोरात केला, तर काही दिवसांत झाडं उलट सुकायला लागली! पाणी घालण्याचं वेळापत्रक जमिनीवरून यायचं. केलींनी पाण्याचा निर्णय आपल्याकडे मागितला, नासाने तो दिला आणि सोबत झिनियाच्या निगराणीच्या पानभर सूचना पाठवल्या. काही झाडं गेली, उरलेल्यांना जानेवारी २०१६ मध्ये केशरी फुलं आली. घरच्या कपाटात पंख्याचा वेग आणि पाण्याची पाळी एकमेकांना बांधलेली असतात, एक बदललं की दुसरं बदलावंच लागतं; ते ४०० किलोमीटर उंचीवरही तसंच निघालं.

त्याआधीची रशियाच्या मीर अवकाश स्थानकावरची गोष्ट जास्त चटका लावणारी. १९९६ मध्ये स्वेत नावाच्या पेटीत बुटका गहू लावला होता. तो जोमाने वाढला, अडीचशेहून जास्त ओंब्या धरल्या. डिसेंबरात कापणी झाली, पीक पृथ्वीवर आलं, ओंब्या उघडल्या, तर एकीतही दाणा नाही. दिवे ठीक होते, पाणी ठीक होतं. दोष स्थानकाच्या हवेत साचलेल्या इथिलीनचा. पिकलेल्या केळ्यांतून, आंब्यांतून निघतो तोच वायू, प्रमाण दहा लाखांत जेमतेम एक-दोन भाग, आणि तेवढ्याने परागकण वांझ झाले. पुढे इथिलीन सोसणारं अपोजी नावाचं वाण नेलं तेव्हा कुठे अवकाशात गव्हाला दाणे भरले. (फळांची टोपली कपाटाच्या हवेच्या भोकाशी ठेवू नये, ते यासाठीच.)

आपल्याकडची भर चवळीची. ३० डिसेंबर २०२४ला श्रीहरिकोटाहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी६० या रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने क्रॉप्स नावाची छोटी बंद पेटी बसवली होती, आत चवळीचे आठ दाणे. या पेटीला खोलीची हवा ओढायची सोय नाही, कारण बाहेर हवाच नाही. उष्णता सांभाळायची ती आतल्या आत, यंत्रणेने. कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, आर्द्रता, तापमान यांवर संवेदकांची नजर. चार दिवसांत मोड आले, नंतर पानंही फुटली. बेत दोन पानांपर्यंतचाच होता, पाच ते सात दिवसांचा.

दोन पानांनंतर गाडी अवघड वळणाला लागते. पानं वाढतात तशी वाफ वाढते, आणि बंद पेटीत ती पकडून, गार करून, पुन्हा पाणी करून मुळांशी नेऊन घालावी लागते. अवकाश स्थानकावर २०१७ पासून असलेल्या मोठ्या वनस्पती-पेटीत हेच चालतं: हवेतली वाफ गोळा होते आणि झाडालाच परत पाजली जाते, १८० संवेदकांच्या पहाऱ्यात. वॉर्डच्या पेटीत एवढं काम एक काच फुकटात करायची. तिच्यात गहू मात्र पिकला नसता.